हो, छान, बघतो

वायरमनला त्या दिवशी तीनच शब्द बोलायची परवानगी होती: हो, छान आणि बघतो. परवानगी त्याच्या मुलीने दिली होती, सकाळी, त्याच्या शर्टाची कॉलर नीट करता करता.

"तीन शब्द पुरतात का कुठे?" तो म्हणाला.

"आईने तुमच्याबरोबर तीस वर्षं काढली ती याच तीन शब्दांवर," मुलगी म्हणाली.

तिचं म्हणणं गैर नव्हतं. वायरमनच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मुलीचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाच्या घरी चहा झाला, हसणं-खिदळणं झालं, आणि निघताना या गृहस्थाने भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवून मुलाच्या वडिलांना सांगितलं, "हे घर एक दिवस पेटणार." वायरिंगबद्दल बोलत होता बिचारा. पण लग्नाच्या बैठकीत असं बोलतं का कोणी? स्थळ दारातच मोडलं. ते घर पुढे पेटलं की नाही हे त्याने कधी विचारलं नाही. पेटलं असतं तरी आता काय उपयोग होता?

तेव्हा मुलीला फारसं वाईट वाटलं नव्हतं. या वेळी गोष्ट वेगळी होती. मुलगा तिने स्वतः पसंत केला होता आणि त्याचं नाव निघालं की ती उगाच भांडी आवरायला उठत होती. मुलाची आई मात्र हो म्हणेना, नाही म्हणेना. परवा तिचा निरोप आला: मुलीचे वडील वायरिंगचं काम करतात ना? आमचा ट्रॅक्टर शॉर्ट होतोय. त्यांना पाठवा, बघू. त्या 'बघू'पायी दोन दिवस घरात कोणाला जेवण गेलं नव्हतं.

ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. मुलापेक्षा वयाने मोठा. लाल रंग कधीकाळी असावा. शेजारी कमरेवर हात ठेवून मुलाची आई उभी होती. बाई अंगाने भरभक्कम होत्या. 'भरभक्कम' हा शब्द वायरमनच्या ओठांपर्यंत आला आणि त्याने तो गिळला.

"या मिस्त्री," बाई म्हणाल्या. "मुलगा कामावर गेलाय. तुम्ही आणि मीच."

"छान," वायरमन म्हणाला.

"आधी फ्यूज उडायचा. ट्रॅक्टर चालू राहायचा, पण दिवे, हॉर्न सगळं गप्प. तीन मिस्त्री झाले. तिसरा येऊन गेला तेव्हापासून फ्यूज उडत नाही, सीटखालून धूर येतो. तो म्हणाला, ही सुधारणा आहे."

वायरमनने फ्यूजचं झाकण उघडलं. आत फ्यूज नव्हताच. त्या जागी तांब्याची चांगली जाडजूड तार पिळून बसवली होती. तिसऱ्या मिस्त्रीबद्दल त्याच्या पोटात एक झकास शिवी तयार झाली.

"बघतो," तो म्हणाला.

त्याने ती तार उपटून खिशात टाकली. दिव्यांचे सगळे बल्ब काढले, हॉर्नची वायर सोडली आणि फ्यूजच्या जागी दोन वायरींनी एक बल्ब टांगला. ही त्याची जुनी रीत. ट्रॅक्टरवरचं सगळं सोडवल्यावर टांगलेला बल्ब लागायला नको. लागला, तर वीज कुठेतरी चोरवाटेने लोखंडाला मिळतेय असं समजायचं.

बल्ब लागला नाही. वायरमनने पुढच्या वायरी हलवल्या, मागच्या हलवल्या, स्टिअरिंग गरगर फिरवलं, स्वतः सीटवर बसून दोनदा उडी मारली. वायरमन म्हणजे काडी पैलवान. बल्ब ढिम्म. तासभर झाला, तरी घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना.

"मी चालवते तेव्हाच होतं," बाई म्हणाल्या, आणि चढून सीटवर बसल्या.

बल्ब लख्ख लागला.

दोघांनी बल्बकडे बघितलं. बाई उतरल्या. बल्ब विझला. बाई पुन्हा बसल्या. बल्ब पुन्हा लागला. बल्बला काही मुलगी खपवायची नव्हती.

"मी बसले की लागतो," बाई म्हणाल्या.

"हो."

"का?"

वायरमनच्या पाचावर धारण बसली. हो चालत नव्हतं, छान तर मुळीच चालत नव्हतं.

"बघतो," तो म्हणाला आणि सीटचे बोल्ट खोलायला लागला.

सीट उचलल्यावर सगळं बिंग फुटलं. खालची स्प्रिंग मधोमध तुटलेली होती. सीटवर वजन पडलं की पत्रा खाली बसायचा आणि मागच्या दिव्याच्या वायरीवर टेकायचा. काडी पैलवानाच्या वजनाने तो टेकत नव्हता. वायरीवर नेमक्या त्याच जागी घासून फाटलेली चिकटपट्टी होती. तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. वर काळी, मग पिवळी, सगळ्यात खाली निळी. म्हणजे तिघांनाही कळलं होतं. तिघांनीही बाईंकडे एकदा बघितलं होतं, पट्टी गुंडाळली होती आणि घर गाठलं होतं.

वायरमनच्या पिशवीत हिरवी पट्टी होती. त्याने ती काढली. लेकीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. एक वेढा घातला. दुसरा घालताना त्याचा हात डिझेलच्या नळीला लागला. नळी वायरीपासून चार बोटांवर होती.

"पहिला म्हणाला दमट हवा," मागून बाई म्हणाल्या. "दुसरा म्हणाला उंदीर. तुमचं काय?"

वायरमन हातातल्या पट्टीकडे बघत राहिला. मग त्याने घातलेला वेढा उलगडला.

"ताई, तुमचं वजन," तो म्हणाला.

बाईंनी कमरेवर हात ठेवले. पण आता तोंड उघडलंच होतं.

"स्प्रिंग तुटलीय. तुम्ही बसलात की पत्रा वायरीवर बसतो. हे त्या तिघांनाही दिसलं, पण तुमच्या तोंडावर बोलायची एकाची छाती झाली नाही. आणि त्या तिसऱ्या गाढवाने फ्यूज काढून तार घातली. आता फ्यूज उडणार नाही. तुम्ही उडाल! खाली डिझेलची नळी आहे. अजून एक दिवस जरी हा चालवला असतात तरी..."

बाई वळल्या आणि घरात गेल्या.

वायरमनने पक्कड पिशवीत टाकली, स्क्रू ड्रायव्हर टाकला. पोरीने तीन शब्द दिले होते, तेवढेही याला सांभाळता आले नाहीत. काय तोंड दाखवणार तिला? त्याला इतकं वाईट वाटलं की बल्ब काढायचाच राहिला.

तेवढ्यात खरखर आवाज आला. बाई पोती तोलायचा लोखंडी काटा फरशीवरून ओढत आणत होत्या. त्यांनी तो ट्रॅक्टरशेजारी ठेवला आणि वर उभ्या राहिल्या.

"वाचा."

"एकशे सहा."

"यात चपला आहेत."

"ट्रॅक्टर चपला घालून चालवता ना?"

"हो."

"मग राहू द्या."

"एकशे सहाला टिकेल अशी स्प्रिंग आणा," बाई म्हणाल्या आणि काट्यावरून उतरल्या. "मला काय कळत नव्हतं? डोळे आहेत मला. पोराला विचारलं, तर म्हणतो, आई, तू कुठे जाड आहेस. आमचे हे होते तोवर तोंडावर सांगायचे, मग आम्ही दोन दिवस भांडायचो. ते गेल्यापासून सगळे माझ्याशी गोड बोलतात. जीव नकोसा होतो हो."

वायरमनने पिशवीत टाकलेली पक्कड पुन्हा बाहेर काढली.

"मुलगी कोणावर गेलीय?" बाईंनी विचारलं.

या प्रश्नासाठी मात्र घरून एक चौथा शब्द पाठ करून घेतला होता: आईवर.

"माझ्यावर," वायरमन म्हणाला. "जिभेने तर माझ्याही पुढे."

"हं." बाईंनी बल्बकडे बघितलं. "मग स्प्रिंग कधी बसवताय, व्याहीबुवा?"

वायरमनने मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"गुरुवारी," तो म्हणाला.

फाटकाबाहेर पडल्या पडल्या मुलीचा फोन आला.

"बाबा, तीनच शब्द ना?"

"सुरुवातीला तीनच."

"आणि नंतर?"

"त्यांचं वजन काढलं."

फोनवर भांडं पडल्याचा आवाज आला.

"एकशे सहा," वायरमन म्हणाला. "चपलांसकट."

"बाबा..." तिचा आवाज रडवेला झाला. "त्या काय म्हणाल्या?"

"व्याहीबुवा म्हणाल्या."

"काय?"

"व्याहीबुवा."

"पुन्हा सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. फोन ठेवल्यावर रस्त्याने जाताना आणखी एकदा म्हणून बघितलं.