या नावाचं इथं कुणी राहत नाही

क्षितिजाची आई, वसुधाताई, उन्हाळ्यात जर्मनीत हायडेलबर्गला आली ती लेकीच्या काळजीनं. जपानी साहित्यात डॉक्टरेट करते म्हणजे लेक नेमकं काय करते, हे तिला पुण्यात कुणाला धड सांगता येत नसे.

एकदा भेंडी चिरता चिरता तिनं विचारलं, "सध्या काय वाचतेयस?"

"हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईची रोजनिशी. राणीच्या सेवेत होती. दरबारात थाट मोठा, पण जीव सगळा माहेरात."

"नाव काय तिचं?"

"कुणालाच माहीत नाही. वडलांच्या हुद्द्यावरून तिला ओळखायचे."

"तिनं स्वतःही नाही लिहिलं?"

"नाही."

आईचा हात थांबला. "मी कुंदा होते," ती म्हणाली.

लग्नात आईचं नाव बदललं होतं, एवढं क्षितिजाला ठाऊक होतं. पण आजोळी सगळे तिला ताईच म्हणत. ते नाव कधी कानावर पडलं नव्हतं.

"सांगलीची माझी मैत्रीण शोभना. ती लग्नानंतरही कुंदा नावानंच पत्रं पाठवायची. तुझ्या आजोबांनी पोस्टमनला सांगितलं, या नावाचं इथं कुणी राहत नाही. मी आत पोळ्या लाटत होते. ऐकलं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. मग पत्रं थांबली."

"आता कुठं असते ती?"

"स्टुटगार्टला, मुलाकडे. तिच्या भावानं नंबर दिलाय."

"अगं, स्टुटगार्ट इथून जवळच आहे. इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय तोंडानं फोन करू? तिला वाटत असेल, मीच तोडलं."

क्षितिजानं फोन लावून आईच्या हातात दिला.

"मी वसुधा बोलतेय."

"कोण वसुधा?"

आई हळूच म्हणाली, "कुंदा."

पलीकडून शोभनामावशी म्हणाली, "शनिवारी जेवायला ये. कोशिंबीर तू कर. मला तुझ्यासारखी जमत नाही."

शनिवारी एसबान या लोकल गाडीतून उतरून दोघी दमत दमत चढ चढल्या. शोभनामावशीनं दार उघडलं. रडारड झाली नाही. जेवणं उरकून दोघी मैत्रिणी बाल्कनीत बसल्या आणि बोलतच राहिल्या. कुंदा मास्तरांची हुबेहूब नक्कल करायची. कुंदानं नाटकात काम करायचं म्हणून दोन दिवस अन्न सोडलं होतं. कुंदा पुराच्या पाण्यात पोहली होती. घरात कधी आवाज न चढवणारी आई खदखदून हसत होती, आणि क्षितिजा आतल्या सोफ्यावर बसून एका अनोळखी मुलीविषयी ऐकत होती. त्या मुलीला एकदा तरी भेटता यावं, असं तिला फार वाटलं.

संध्याकाळी शोभनामावशी म्हणाली, "कुंदे, राहा आज."

आईनं लेकीकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं.

"राहा ना," क्षितिजा म्हणाली.

ती एकटीच उतार उतरून स्टेशनवर आली. उन्हं अजून होती. गाडीत तिनं त्या रोजनिशीच्या भाषांतराची पानं काढली, पण नजर ओळीवर ठरेना. मागं फिरावं, त्या बाल्कनीपाशी उभं राहून अजून थोडं ऐकावं, असं तिला राहून राहून वाटत होतं.