मोटारीचा खांदा

आठवीत शास्त्रात मी वर्गात पहिली आले. केनवडच्या फाट्यावर उतरून घरी पायी पोचेपर्यंत वाटेत भेटलेल्या तिघांना ते सांगूनही झालं होतं. त्यातल्या एकाला तर मी ओळखतही नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचं काम मी वाशीमच्या शाळेतच ठरवून ठेवलं होतं. मायला एकदा दौलतदादाच्या मोटारीत बसवायचं.

दादानं ती जुनी मोटार अकोल्याहून आणली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. "माय, तुमचे बैल कोठ्यात, माहा बैल हा," असं म्हणत त्यानं पुढच्या चाकामागं थाप मारली. तिथं कमानीचे पाटे एका जाड बोल्टनं सांगाड्याच्या कानात अडकवलेले असतात. "आन् हा पाह्य, याचा खांदा. सारं वजन इथं येते." पुढच्या बाजाराला तो तिला मोटारीनं केनवडला नेणार होता. बाजाराच्या चार दिवस आधी त्याला ताप भरला आणि बाजाराच्या दिवशी दादा गेला.

मोटार बैलांच्या कोठ्यातच उभी राहिली. बाबा तिच्याकडे पाठ करून वैरण टाकायचे. माय मात्र पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी झाली की मीठ टाकलेलं गरम पाणी घेऊन मोटारीकडे जायची. पळसाच्या पानानं त्या बोल्टला शेक द्यायची, हळद-लोणी चोळायची आणि बैलाला म्हणतात तसंच म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तीन पोळे असेच गेले. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाण्याचा गडवा तर मीच धरायचे.

मी आठ दिवस बाबांच्या मागं लागले, तेव्हा कुठं त्यांनी जऊळक्याच्या लखीराम मिस्त्रीला बोलावलं. माय एवढंच म्हणाली, "चालू झाली तं बसीन बापा. त्यानं म्हटलं होतं ना." दुसऱ्या दिवशी तिचं हिरवं लुगडं पेटीतून निघून उन्हात पडलेलं दिसलं.

"विंजिनचं काई नाई," मिस्त्री गाडीखालून बोलला. "ते दोन दिवसात बोलन. पन कमानीचा पाटा तुटेल हाय. तो बदलाचा तं हा बोल्ट निंघाले पायजे."

बोल्टाची चाकी, म्हणजे नट, निघाली, बोल्ट निघेना. तीन दिवस त्याला घासलेट पाजलं. हातोड्यानं त्याचं टोक भुईछत्रीसारखं पसरलं, तरी तो तसूभर हलला नाही. चौथ्या दिवशी मिस्त्रीनं भाता लावून बोल्टाचं डोकं तापवलं, आणि त्यानंही काही होईना तेव्हा घाम पुसत बाबांना म्हणाला, "नानाजी, कान कापा लागते. आन् कान कापला तं गाडी भंगारात गेली समजा."

मीच पुढं झाले.

"काका, तुमी बोल्ट काहून तापवून राह्यले? तापलं का लोखंड फुगते. तो आनखीन घट्ट बसंन. भवतालचा कान तापवा, भोक मोठं होईन."

"कान तापवला तं कमान नरम पडते, पोरी."

"कमान तं तशीबी बदलाचीच हाय."

मिस्त्री बाबांकडे वळला. "नानाजी, ही पोट्टी मायाजवळ कामाले ठेवता काय? शाळेत खराब होऊन राह्यली."

भाता मीच चालवला. कान लालबुंद झाला. मिस्त्रीनं बोल्टाचं पसरलेलं टोक कापलं आणि पान्याला लांब नळी जोडून जोर लावला. आधी कर्र वाजलं, मग अर्धा आटा फिरला, आणि बोल्ट बाहेर आला. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही मोटारीच्या टपावरून हात फिरवला, तीन वर्षांत पहिल्यांदा.

बोल्ट निवल्यावर मिस्त्रीनं तो नखानं खरवडला. गंजाच्या पापुद्र्यात पांढरं काही होतं, त्यात पिवळ्या रेघा. त्यानं जिभेला लावून पाहिलं. "मीठ? नानाजी, ही मोटार काय समुद्रात नांगराले जुपली होती?"

मला हसू आलं. उत्तर मला येत होतं.

"माय दरसाल याची खांदशेकणी करते ना काका, मिठाच्या पान्यानं. मिठानं लोखंड लवकर गंजते. आमच्या पुस्तकात धडाच हाय. म्हनून तं जाम झाला."

"सोजर," बाबा म्हणाले.

मी मागं पाहिलं. माय चहाच्या कपबशा घेऊन कोठ्याच्या दारात उभी होती.

तिनं कपबशा खाली ठेवल्या. पदरात बोल्ट घेतला. तो मधोमध खंगून बारीक झाला होता. "एवढा खाल्ला?" तिनं विचारलं.

"नाई वैनी," मिस्त्री घाईनं म्हणाला. "जुनी गाडी हाय. ग्रीस नोतं. गंजतेच."

मायनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

नवा बोल्ट बसला, पाटा बसला. बाजाराच्या दिवशी मोटार अंगणात धडधडत उभी होती आणि निम्मा गाव भोवती होता. मी मायला हाक मारायला आत गेले. हिरवं लुगडं घडी होऊन पेटीत गेलेलं. माय चुलीपुढं भाकर थापत होती.

"चाल ना माय. बाबा थांबले."

"तुमी जा." तिनं भाकर तव्यावर टाकली. "सोजर, तुया पुस्तकात आनखीन काय लिवलं हाय? कायनं काय खराब होते ते?"

"लय हाय."

"दौलतले तापात मी ताक पाजलं होतं. तो नको म्हने. मीच पाजलं, दोन दिवस." तव्यावरची भाकर करपायला लागली होती, तिनं ती उलटली नाही. "त्यानं तं नाई झालं ना?"

"नाई माय. ताकानं काई होत नाई."

"मिठानं काई होत नाई असंच मलेबी वाटे. पुस्तकात पाह्य ना."

मी पुस्तक आणलं आणि चुलीजवळ बसून पहिल्या पानापासून पाहू लागले. गंज होता, वाफ होती, तापवलेला गोळा आणि कडी होती. तापातल्या माणसाला ताक दिलं तर काय होतं, यावर एक ओळही नव्हती. मायला वाचता येत नाही. ती माझ्या बोटाकडे पाहत होती, बोट जिथं थांबेल तिथं तिचा श्वास थांबत होता.

बाहेर बाबांनी दोनदा भोंगा वाजवला. मग मोटार निघाल्याचा आवाज आला, पोरांचा गलका तिच्यामागं वेशीपर्यंत गेला.

"सापडलं?" मायनं विचारलं.

शेवटचं पान आलं होतं. मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.