कॉलरवरचा हात

कॅमेरा विकत घेतल्यापासून लेन्सरावांना घरात कोणी खऱ्या नावाने हाक मारत नाही. हे नाव बायकोने ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की सख्ख्या आईनेही उचललं. लेन्सराव विमा कंपनीत कामाला. दिवसभर लोकांनी पाठवलेले चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे, चेपलं असेल तिथे लाल गोल काढायचा आणि फाईल पुढे सरकवायची. एवढ्या भांडवलावर आपल्याला फोटोतलं कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

फोटोग्राफीचा रीतसर वर्ग लावावा तर शिकवणारा समोर असतो आणि आपलं अज्ञान त्याला दिसतं. इंटरनेटवर ती भीती नाही. तिथे लेन्सरावांना घबाड सापडलं. सूर्य कोणत्या दिवशी कोणत्या खिडकीतून डोकावेल ते सांगणारं एक ॲप. खोट्या कॅमेऱ्याची खोटी बटणं फिरवून खऱ्या चुका आधीच करून बघता येतील असं एक पान. समोरचा माणूस इतका लांब असेल तर मागची भिंत किती धूसर होईल, याचा हिशेब करून देणारं आणखी एक. शिवाय फुकटात फोटो सुधारणारी सॉफ्टवेअरं, आणि सगळ्यांवर कळस म्हणजे एक फोरम. तिथे आपला फोटो टाकायचा आणि अनोळखी लोकांनी तो फाडून खायचा. हे सगळं उपयोगाचं आहे यात शंका नाही. पोहण्याचं पुस्तकही उपयोगाचंच असतं, फक्त अधूनमधून पाण्यात उतरावं लागतं. लेन्सराव काठावर बसून पुस्तकं वाचणाऱ्यांपैकी होते, आणि वाचलेलं दुसऱ्यांना सांगायची त्यांना भारी हौस होती. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात, हे तर त्यांनी दूधवाल्यालाही समजावून सांगितलं होतं.

अशात बाबांचं दुकान बंद व्हायची वेळ आली. बाबा शिंपी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं एका दाराचं दुकान होतं. पुढे कापायचं टेबल, त्याला लागून मशीन, मागे कपाटाच्या आडोशाला एक स्टूल. टेबलावर बाबा आणि स्टुलावर आई. कापणं-शिवणं बाबांचं, काजं, बटणं, हातशिलाई आईची. गिऱ्हाईक यायचं ते बाबांना ‘मास्तर’ म्हणून हाक मारायचं, शर्ट घालून आरशात बघायचं, मास्तरांच्या हाताची तारीफ करायचं आणि जायचं. कपाटामागे कोणी आहे हे बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळलं नसेल. आता बाबांची नजर कमी झाली होती, इमारत पाडायची ठरली होती आणि दोघं लेन्सरावांकडे राहायला येणार होते.

आईने एकच गोष्ट मागितली. दुकानाचा एकही फोटो नव्हता. ती म्हणाली, “सामान हलायच्या आधी एक फोटो काढून दे. भिंतीवर लावू. मग दुकानाचं नाव काढून मी रडणार नाही, तुला शब्द देते.”

आजवर लेन्सरावांना घरातल्या कोणी आपण होऊन फोटो काढायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी ॲपला विचारलं. ॲप म्हणालं, दुकानात ऊन येतं ते फक्त सकाळी, तेही थोडा वेळ. दुपारी मशीन न्यायला टेम्पो येणार होता. म्हणजे जे काय करायचं ते त्या एका सकाळी.

त्या सकाळी लेन्सराव कॅमेऱ्याचं तिकाटणं, छत्री आणि पांढरा थर्माकोल घेऊन दुकानात शिरले तेव्हा आत उभं राहायला जागा उरली नाही. बाबा टेबलामागे बसले. कॅमेरा दिसला की बाबा पोलिसांनी पकडून आणल्यासारखे बघतात. मान ताठ, ओठ मिटलेले, गळ्यात टेप. लेन्सरावांनी हसा म्हटलं, सहज बसा म्हटलं, कॅमेऱ्याकडे बघू नका म्हटलं. बाबा जास्तच ताठ झाले. ऊन टेबलावरून सरकू लागलं. लेन्सरावांना घाम फुटला, कारण हे सगळं कसं सांभाळावं यावर वाचलेला लेख त्यांना अर्धाच आठवत होता.

मागे स्टुलावर आई शेवटच्या शर्टाला शेवटचं बटण लावत होती. तिची नजर बाबांच्या कॉलरवर गेली. कॉलर मागून दुमडली होती. शिंप्याची बायको सगळं सहन करेल, दुमडलेली कॉलर नाही. तिने बसल्या जागेवरून हात लांब केला आणि कॉलर सरळ केली. बाबा म्हणाले, “अगं, मी गिऱ्हाईक नाही,” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसले. लेन्सरावांचं बोट दचकून बटणावर पडलं.

आयुष्यातला एकमेव चांगला फोटो लेन्सरावांनी असा चुकून काढला. इस्त्रीवर ऊन, बाबांचे डोळे हसून बारीक झालेले आणि डाव्या कडेतून कोपरापर्यंत आलेला एक हात, बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान, चिमटीत कॉलर. दुपारी टेम्पो आला. मशीन गेलं, टेबल गेलं, पाठोपाठ दुकानही गेलं.

आता हा फोटो तसाच भिंतीवर लावला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण लेन्सरावांनी तो फोरमवर टाकला. फोरमवर ‘घारडोळा’ नावाचा एक जुना खवय्या होता. त्याने काढलेला फोटो कोणी पाहिला नव्हता, पण त्याचा शब्द शेवटचा असायचा. घारडोळ्याने लेन्सरावांचाच फोटो उतरवून घेतला, त्या हाताभोवती जाड लाल गोल काढला, वर बाण काढून ‘हे काढा’ असं लिहिलं आणि परत टांगला. खाली एक ओळ : कडेने घुसलेला हा हात कोणाचा, असा प्रश्न बघणाऱ्याला पडतो आणि चित्र मोडतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. लाल गोल म्हणजे नुकसान, हे लेन्सरावांना ऑफिसात शिकवलेलंच होतं.

नको ते पुसून टाकणारं एक साधन त्यांच्याकडे होतं. त्यांनी हातावरून एकदा बोट फिरवलं. हात गेला. त्याच्या जागी साधनाने आपल्या मनाने थोडी भिंत आणि थोडी कॉलर रचून दिली. लेन्सरावांनी फोरमवरचा जुना फोटो काढून हा नवा चढवला आणि घारडोळ्याने चक्क अंगठा दिला. त्या आनंदात त्यांनी आणखी दोन लेखांचं पालन केलं. एकात लिहिलं होतं, खरा फोटोग्राफर एकच फोटो ठेवतो, बाकीचे निर्दयपणे उडवतो. दुसऱ्यात लिहिलं होतं, कॅमेऱ्यातलं कार्ड नेहमी कोरं करून ठेवावं. लेन्सरावांनी हा नवा ठेवून मूळच्यासकट बाकीचे उडवले, कार्ड कोरं केलं. तीन प्रतींचं रविवारी बघू म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मग मोठी प्रिंट काढून, चौकट करून, कापडात गुंडाळून त्यांनी ती आईच्या हातात दिली. आईने कापड सोडलं. आधी ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघून हसली. मग चौकट जवळ घेतली, लांब धरली, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितली.

“माझा हात कुठाय?” तिने विचारलं.

लेन्सरावांनी समजावून सांगितलं. नजर कडेला जाते, चित्र मोडतं, हा हात कोणाचा असं बघणारा विचारतो.

“मग विचारू दे की,” आई म्हणाली.

तिने चौकट पलंगावर ठेवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. भांडली नाही, रडली नाही. दुकानाचं नाव काढून रडणार नाही हा शब्द तिने पाळला आणि लेन्सरावांना तेच झेपेना. त्यांना पहिल्यांदाच नीट लाज वाटली. कपाटामागे बसलेल्या बाईला सगळ्या गावाने पाहिलं नाही ते ठीक, पण आपण तिला पाहून पुसलं होतं.

बायको म्हणाली, मूळचा फोटो काढ आणि दे, त्यात काय एवढं. लेन्सरावांच्या तोंडचं पाणी पळालं. कोऱ्या कार्डातून गेलेले फोटो परत आणणारं एक सॉफ्टवेअर त्यांना माहीत होतं. ते लावलं. त्याने प्रामाणिकपणे राबून बाथरूमच्या नळातून पडणाऱ्या थेंबांचे ढीगभर फोटो परत आणले, कारण कार्ड कोरं केल्यावर लेन्सरावांनी त्यावर तोच सराव केला होता. बायकोने एकेक थेंब शांतपणे बघितला, यावरून ती किती चिडली होती ते कळावं.

शेवटी ते फोरमवर गेले. वरचा फोटो त्यांनीच बदललेला, बिनहाताचा. ते खाली खाली सरकत गेले आणि घारडोळ्याच्या उत्तरापाशी थांबले. त्याने उतरवून घेतलेला जुना फोटो तिथे तसाच टांगलेला होता. आकाराने पोस्टकार्डाएवढा, जरा धुरकट. अंगुस्तान होतं, चिमटीत कॉलर होती, भोवती जाड लाल गोल आणि बाणावर ‘हे काढा’. पळत्या चोराची लंगोटी म्हणावी, तर लंगोटीवर रंग सांडलेला.

लेन्सराव लॅपटॉप घेऊन आईकडे धावले. बाबाही उठून आले. लेन्सरावांनी आधीच सांगून टाकलं की गोल पुसणं दोन मिनिटांचं काम आहे, साधन उघडलेलंच आहे.

बाबांनी डोळे बारीक करून अक्षरं लावली. “हे काढा,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “शहाणा दिसतो. कॉलर सोड, हात काढ, हे मी हिला जन्मभर सांगतोय.”

आईला हसू आलं. मग ती वाकून बराच वेळ बघत राहिली. अंगुस्तानावर तिने पडद्यावरूनच बोट ठेवलं.

“हा गोल कोणी काढला?”

लेन्सराव म्हणाले, असाच एक जण आहे फोरमवरचा, ओळख नाही.

“त्याला दिसला तरी,” आई म्हणाली. “गोल राहू दे. आता काही पुसू नकोस.”

लेन्सरावांनी लॅपटॉप मिटला. कधी पुसू नये, यावर कुठे लेख नसावा.

मोठी चौकट आता घरातल्या कपाटामागे आहे. भिंतीवर पोस्टकार्डाएवढा फोटो लावलाय, दारातून आत येणाऱ्याला आधी तो लाल गोल दिसतो आणि मग बाबा. लेन्सराव अजून फोरमवर जातात, पण फोटोच्या तीन प्रती आधी काढून ठेवतात. घरी नवीन माणूस आला की हटकून विचारतो, हा हात कोणाचा?

आई हातातलं काम खाली ठेवते आणि सांगते.