मुंगीचा मुखवटा

मी एक वेल्डिंगचा मुखवटा बोलतोय. कारखान्यातली माणसं मला हेल्मेट म्हणतात, कॉलेजातले सर शील्ड म्हणतात, आणि ज्यानं मला विकत आणलं तो मामा पहिल्या दिवसापासून मला 'झापड' म्हणत आलाय. नावं ठेवणाऱ्याचं तोंड कोण धरणार? मला स्वतःला तर तोंडच नाही. कपाळ आहे, हनुवटी आहे, आणि डोळ्यांच्या जागी पंजाएवढी काळी काच आहे. एरवी भर दुपारीसुद्धा घालणाऱ्याला तिच्यातून काही दिसत नाही. वेल्डिंगचा जाळ पेटला की मगच पलीकडचं जग दिसतं, तेही वितभर.

माझा जन्म साच्यातला. एका दाबाला एक मुखवटा, असे आम्ही धडाधड बाहेर पडलो. मग एका हार्डवेअरच्या दुकानात, रबरी बुटांच्या वर, मी बरेच दिवस लटकत होतो. गिऱ्हाईकं यायची, मला डोक्यावर चढवून सोबत्याला घाबरवायची, हसायची आणि परत खिळ्याला अडकवून जायची. एक गोष्ट तिथेच कळली. माणूस कुलूप घेताना दहा वेळा उघडून-लावून बघतो, मला घ्यायची वेळ आली की म्हणतो, "हे काय, नंतर बघू."

मामासुद्धा आपणहून आला नव्हता. त्याची भाची त्याच्या मागे उभी होती आणि तो कानकोंडा झाला होता.

मामा फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा. रस्त्याला लागून त्याचं दुकान, दुकानामागे एक खोली, खोलीत तो आणि ही पोर. बहीण वारली तेव्हा तिनं मागे ठेवलेली ही एवढीशी मुलगी त्यानं घरी आणली; स्वतःचं लग्न मग राहूनच गेलं. लहानपणी ती दुकानात पडलेले लोखंडाचे तुकडे एकेक करून कोपऱ्यात नेऊन रचायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. सतरावं लागलं तरी नाव काही सुटलं नाही.

मुंगीनं धंदेशिक्षणाच्या कॉलेजात वेल्डिंगला नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी तिला दोन लोखंडी पट्ट्या टाक्यानं, म्हणजे क्षणभराच्या ठिपक्याएवढ्या जोडानं, जोडायला सांगितल्या. तिनं काय केलं? वर्कशॉपातला मुखवटा बाजूला ठेवला, वेल्डिंगच्या कांडीचं टोक नेमक्या जागी टेकवलं, डोळे मिटले आणि टाका मारला. टाका सुरेख बसला. सरांनी जाऊन मशीनचं बटण बंद केलं.

"हे कुणी शिकवलं?"

"मामानं. मुखवटा घातला की टोक कुठे आहे ते दिसत नाही ना, सर. मामा सगळे टाके असेच मारतो."

"आणि डोळे कधी मिटतो? जाळ पेटायच्या आधी, की पेटल्यावर?"

याचं खरं उत्तर कोणत्याच वेल्डरला देता येत नाही. पापणी मिटेपर्यंत जाळ आत गेलेला असतो, आणि दिवसभरात असे टाके किती होतात ते कोण मोजतं? सरांनी निरोप धाडला, की हिला स्वतःचा मुखवटा घेऊन द्या, नाहीतर वर्कशॉपमध्ये पाऊल ठेवू देणार नाही. असा मी त्या घरी आलो.

"घे, तुझी झापड," मामा म्हणाला. "घोड्याला बांधतात तशी. आमच्या वेळी असले लाड नव्हते."

"तुझ्या वेळी बटाट्याच्या चकत्या होत्या डोळ्यांवर ठेवायला," मुंगी म्हणाली.

मामा हसला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊन बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपायच्या कितीतरी रात्री त्यानं काढल्या होत्या, आणि त्या गोष्टी तो एखाद्या लढाईच्या असाव्यात तशा रंगवून सांगायचा. पण त्यानं माझा पट्टा स्वतः तिच्या डोक्याच्या मापाचा करून दिला, टोचू नये म्हणून कपाळापाशी जुन्या टॉवेलची घडी शिवली. चेष्टा तोंडानं चालली होती, हात मात्र वेगळंच करत होते.

मग माझे बरे दिवस सुरू झाले. मान झटकली की मी खाली येतो, जाळ पेटतो आणि मुंगीच्या डोळ्यांसमोर ते हिरवट डबकं उघडतं: वितळलेलं लोखंड, त्याची थरथरती कड, कांडीची चाल. तिचा श्वास माझ्या आत कोंडायचा. हात चुकला की ती आतल्या आत मामाच्या तोंडच्या शिव्या हासडायची, त्या मला एकट्यालाच ऐकू यायच्या.

दर आठवड्याला ती जोडलेली एक पट्टी घरी आणायची. मामा ती हातात घ्यायचा, जोडावरून अंगठा फिरवायचा आणि निकाल द्यायचा. "इथे थांबलीस." "इथे घाई केलीस." "हे कुणी केलं, कोंबडीनं?" मुंगी चिडायची, पण त्याचं कधी चुकायचं नाही. सर मापपट्टी लावून जे सांगायचे तेच मामा अंगठ्यानं सांगायचा. आपला मामा म्हणजे अवलिया आहे असं ती मैत्रिणींना सांगत फिरायची.

एकदा सरांनी तिची पट्टी सगळ्या वर्गाला दाखवली. त्या आनंदात तिनं पट्टीच्या मोकळ्या भागावर पांढऱ्या खडूनं मामाचं चित्र काढलं. ढेरी, वाकडं नाक आणि दोन्ही कडांपर्यंत पोचलेल्या मिशा. घरी येऊन तिनं पट्टी मामाच्या हातात दिली आणि ओढणी तोंडावर दाबून हसू आवरत उभी राहिली. मी तिच्या काखेत होतो. तिच्या बरगड्या हसण्यानं हलत होत्या.

मामानं पट्टी डोळ्यांसमोर धरली. अंगठा जोडावरून नेला. जाता जाता तो चित्रातल्या मिशांवरून गेला आणि मिशा पुसल्या गेल्या.

"सरळ आहे," तो म्हणाला. "हात बसला गं तुझा."

मुंगी वाट बघत राहिली. तो आत्ता हसेल, मग हसेल.

"मामा, पट्टीवर काय आहे?"

"काय असायचंय? जोड आहे."

"अजून?"

त्यानं पट्टी थोडी लांब धरली, मग मान तिरकी करून कडेनं पाहिली. "गंज आहे का? घासून घे."

तिच्या बरगड्या हलायच्या थांबल्या. तो अंगठ्यानं वाचत होता, कारण वाचायला दुसरं काही उरलं नव्हतं. हे तिला तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच कळलं, आणि मी तर डोळ्यांच्याच धंद्यातला!

दुसऱ्या दिवशी ती त्याला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर दोघं दुकानाच्या पायरीवर बसले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की डोळ्याच्या आतला पडदा मधोमध जळून गेलाय, चष्म्यानं किंवा ऑपरेशननं तो भरून येणार नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तू कॉलेजात गेलीस त्याच्या आधीपासून. कडेचं दिसतं गं. समोर बघितलं की पुसल्यासारखं होतं. चालून जातं."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस कॉलेजात?"

ती नव्हतीच गेली असती. आणि आता कळल्यावर तिनं तेच केलं. "उद्यापासून दुकान मी बघते," असं जाहीर करून टाकलं.

"आणि कॉलेज?"

"कॉलेज काय पळून जातंय?"

"तू पळतेयस."

दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मामाचं म्हणणं एकच होतं. कागद हातात नसलेला वेल्डर आयुष्यभर रस्त्याच्या कडेला बसून फाटकं जोडतो, त्याला कुणी मुखवटा देत नाही आणि तो मागतही नाही. कोर्स पुरा केलास तर मोठ्या शेडमध्ये जाशील, तिथे नियम असतात, डोळे राहतील. मुंगीचं म्हणणंही एकच होतं. तू आंधळा होत असताना मी वर्गात बसून आकृत्या काढू?

ती ऐकेना. सकाळी कॉलेजला म्हणून निघायची आणि वळसा घेऊन दुकानात यायची. मामा तुकडे हातांनी जुळवून धरायचा, ती टाके मारायची. मला घालायची, पण गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहिलं की कधी कधी मी पायरीवरच राहायचो. तेव्हा ती डोळे मिटायची. मामाला ते दिसत नव्हतं, पण मान झटकल्यावर मी खाली येतो त्याचा 'टप' असा आवाज होतो, आणि तो आवाज आला नाही हे त्याला बरोबर ऐकू यायचं.

त्यातच सरांचा निरोप आला, की हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. सरांनी तिला गाठून चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हा ती एक दिवस मुकाट्यानं वर्गात गेली. त्या संध्याकाळी घरी आलो, तर दुकानाचं दार सताड उघडं होतं आणि आत काहीच नव्हतं. मशीन नाही, केबल नाही, पकडी नाहीत. मशीन जिथे बसायचं तिथली फरशी तेवढी उजळ दिसत होती. मामा मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसला होता.

"मामा, मशीन?"

"दिलं."

"कुणाला?"

"पलीकडच्या रस्त्यावरच्या कपाटवाल्याला. त्याला दिसतं."

"ते माझं होतं!"

"म्हणूनच दिलं."

ती किंचाळली नाही की रडली नाही. तिनं मला जमिनीवर आपटलं. माझ्या हनुवटीला त्या दिवशी चीर गेली, ती अजून आहे. मला राग नाही. ते दुकान तिचं सगळं बालपण होतं, आणि ते तिच्या हातून काढून घेणारा माणूस तिला वाढवणाराच होता.

त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी अक्षर बोलली नाही. पण कॉलेजला जाऊ लागली. दुसरीकडे जायला जागाच उरली नव्हती. मामा तिचा डबा भरायचा. मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही. ती तसाच खायची, आणि रिकामा डबा त्याच्यासमोर जरा जोरात ठेवायची. समेटाची सुरुवात बहुतेक त्या आवाजानंच झाली.

सरावाला मशीन नव्हतं, म्हणून मामानं युक्ती काढली. मुंगीनं मला घालायचं, पकडीऐवजी हातात खडू धरायचा आणि फरशीवर रेघ ओढायची. माझ्या आत मिट्ट काळोख. मामा शेजारी उकिडवा बसून खडूचा आवाज ऐकायचा. "अडखळलीस. पुन्हा. घाई नको, कांदा परतल्यासारखा एकसारखा आवाज यायला पाहिजे." त्या फरशीवर दोघांनाही न दिसणाऱ्या रेघा त्यांनी किती ओढल्या असतील! ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, असं मी छातीठोकपणे सांगतो. मला छाती नसली म्हणून काय झालं?

परीक्षेच्या दिवशी मामा कॉलेजच्या भिंतीला टेकून बाहेर उभा राहिला. आत एकदम कितीतरी मशीनं चालू होती. त्या गदारोळात मुंगीच्या मशीनचा आवाज ओळखणं देवाच्या बापालाही शक्य नव्हतं. ती बाहेर आली तर तो म्हणाला, "ओळखला मी तुझा. मधे कुठे थांबली नाहीस." तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

ती पास झाली. लांबच्या शहरातल्या मोठ्या शेडमध्ये कामाला लागली. तिथे मुखवटा कारखान्याचा मिळतो, म्हणून मला इथेच ठेवलं. "तुझ्याजवळ राहू दे, मामा. माझी आठवण." मामानं चाचपडत भिंतीवर खिळा ठोकला आणि मला त्याला अडकवलं. मामाचं आता कडेचंही गेलंय. त्याला त्याचं फारसं दुःख दिसत नाही. येईल त्याला पायरीवर बसवून सांगतो, "आमची मुंगी मुखवटा घातल्याशिवाय टाकासुद्धा मारत नाही. कोर्स केलाय तिनं."

मागच्या महिन्यात ती सुट्टीवर आली होती. दारातून आत आली आणि मी तिचे डोळे पाहिले. लालभडक, पाण्यानं भरलेले, पापण्या सुजलेल्या. ती उजेडाकडे पाठ करून बसली.

"आवाज का असा तुझा?" मामानं विचारलं.

"प्रवास झाला ना. धूळ."

"काम कसं आहे?"

"बरं आहे. मालाचा पट्टा पुढे सरकत राहतो, माणसानं थांबायचं नाही. मुकादम मागेच उभा असतो. प्रत्येक टाक्याला मुखवटा खाली-वर करत बसलं तर..." ती मधेच थांबली.

"घालतेस ना पण?"

"घालते रे मामा."

मामानं हात पुढे केला, तिच्या गालावरून फिरवला. ओलं लागलं तेव्हा म्हणाला, "वेडी. एवढं काय रडायचं मला बघून." आणि समाधानानं हसला.

मुंगी माझ्याकडे बघत होती. मग उठली, खिळ्यावर मला उलटं फिरवलं आणि स्वयंपाकाला लागली.

तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून आहे. समोर पोपडे निघालेला रंग दिसतो, मागून मामाचा आवाज येतो. तो रोज कुणाला ना कुणाला तेच सांगत असतो, आणि माणसं माना डोलावून निघून जातात. तुम्ही या रस्त्यानं आलात तर पायरीवर जरा टेका. त्याचं सगळं ऐकून घ्या, मधे बोलू नका. मग त्याला सांगा, की ती रडत नव्हती. त्याचं काळीज फाटेल, हे मला ठाऊक आहे. पण तिचे डोळे अजून पुरते गेलेले नाहीत, आणि जगात ती फक्त त्याचंच ऐकते.