टाकीत बुडालेली वात

मित्रांनो, माझी काच तडकली आहे, दांडी वाकली आहे, आणि खिळ्याला लटकून लटकून मी गंजलो आहे. पण मी कंदील आहे. जळलेल्यानं चार शब्द बोलावेत, एवढा हक्क मला आहे.

उद्धवरावांनी मला पुण्याच्या बाजारातून आणलं. उस्मानाबादकडून येऊन ते पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात फिटर झाले होते. खोलीत वीज नव्हती. त्यांची बायको कुसुमताई रोज राखेनं माझी काच घासायची आणि दिवेलागणीला मला हात जोडायची. दिव्यावर फुंकर मारायची नाही, हा तिचा नियम. चावी खाली फिरवून मला हळूच शांत करायचं. त्या घरात माझा मान पाहुण्यासारखा होता.

मग उद्धवरावांनी खडकीहून एक जुनी लष्करी दुर्बीण आणली आणि त्यांची नजर जमिनीवर ठरेना.

"अहो, वात आखूड झालीय. नवी आणा ना," कुसुमताई म्हणायची.

"जळतीय ना? मग झालं," उद्धवराव म्हणायचे. मी मनात म्हणायचो, अहो फिटरसाहेब, यंत्राला तेलपाणी करता, मग मीच काय घोडं मारलं तुमचं?

दसरा सरला आणि काळोख्या राती आल्या. शनिवारी उद्धवराव, कुसुमताई आणि धाकटा भाऊ दौलतराव एसटीनं चाकणला गेले. बाजारात थोडी खरेदी केली आणि तंबू घेऊन पलीकडच्या डोंगरावर चढले. आकाश शरदाचं, स्वच्छ. गवत मात्र कमरेएवढं आणि वाळून कोरडंठाक झालेलं. सरकारी रानाचा राखणदार गेनबा खाली घरी जाताना बजावून गेला, "जाळ आजिबात करू नका. एक ठिणगी पडली तर डोंगर जाईल. कंदील हाय न्हवं? बास झाला."

अंधार पडायला लागला तेव्हा कुसुमताईनं घागर उचलली. पाण्याचं टाकं जरा खाली, कड्याच्या अंगाला होतं.

"कंदील या खडकावरच राहू द्या," ती म्हणाली. "त्याच्याकडे बघत मी वर येईन."

ती उतरली आणि थोड्या वेळानं पूर्वेला कृत्तिका दिसू लागल्या. उद्धवराव लहान मुलासारखे हरखले. "दौलत, चांदण्यांचा घोस बघ! पण हा उजेड आड येतोय. घटकाभर बारीक करतो."

घरच्या रीतीप्रमाणे त्यांनी फुंकर मारली नाही. दुर्बिणीतून डोळा न काढता चावी फिरवली. ती जरा जास्त फिरली. माझी आखूड वात चावीच्या दातांतून सुटली आणि खाली तेलात पडली. मी विझलो.

खालून हाक आली, "अहो, उजेड दाखवा!"

मित्रांनो, माझ्या पोटात टाकीभर तेल होतं, आणि मला ठिणगीएवढाही उजेड देता येत नव्हता. उद्धवरावांनी माझं तोंड उघडून बोटं आत घातली. वात हाती लागेना. त्यांनी धोतराचा काठ फाडला, तो दातांत बसेना. धडपडीत काच तडकली. काडी ओढली तर तेलानं माखलेली बोटंच पेटली. गवतावर ठिणगी पडू नये म्हणून त्यांनी ती पोटाशी दाबून विझवली.

"कुसुम, आहेस तिथंच बस! हलू नकोस!"

आवाज कड्यावर आपटून चारी बाजूंनी परत आला.

"दादा, काकडा पेटवू!" दौलतराव ओरडला.

"अरे, ती खाली गवतात आहे!"

दौलतराव रांगत उतरायला गेला, पाय घसरला, जेमतेम झुडूप धरून वर आला. तेवढ्यात घागर गडगडत खोल गेल्याचा आवाज झाला. त्यानंतर कितीही हाका मारल्या तरी खालून ओ आली नाही.

उद्धवराव मला छातीशी धरून बसले होते. "पेट रे बाबा, एकदा पेट," म्हणत होते. वर सगळं आकाश लखलखत होतं. त्यातला एक तारासुद्धा तिच्या पायाखाली उजेड देत नव्हता. मला त्या ताऱ्यांचा राग आला.

पहाटे गेनबा दूध घेऊन आला. तोच कड्यावरून खाली वाकून ओरडला, "हाय हाय! जित्ती हाय बाई!"

कड्याच्या कपारीत कुसुमताई करवंदीच्या जाळीला धरून पडली होती. पाय मोडला होता, कपारीतून आवाज वर पोचत नव्हता तरी ओरडून ओरडून घसा बसला होता. उद्धवराव तिच्याजवळ कोसळले. त्यांच्या बोटांवरचे फोड तिनं पाहिले. मग पदराची गाठ सोडली. आत पांढरीशुभ्र नवी वात होती.

"कालच चाकणला घेतली," ती कुजबुजली. "म्हटलं, घरी गेल्यावर घालीन."

उद्धवराव तेव्हा जसे रडले, तसं रडताना मी माणूस पाहिला नाही.

आता खोलीत बल्ब लागला आहे. कुसुमताई लंगडत येते, माझी काच पुसते, आणि ती वात अजून माझ्यात आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. पण घरातलं कुणी "वात आखूड झालीय" म्हणालं, तर ती त्याच संध्याकाळी बदला. तारे उद्याही उगवतील.