बारीक माल

ऐक नं दोस्ता, मधात बोलू नको. मी एक हार्डडिस्क हावो. वयानं नवी, पण पोटात सारं जुनं घेऊन बसली हावो.

मोर्शीच्या रस्त्यावर किशोरभाऊचं संत्र्याचं शेड हाय. तिथं मशीन संत्री निवडते, मोठी, मधली, बारीक, अन् थ्या मशीनीले एक जुना कम्प्युटर हुकूम देते. त्याच्यातली डिस्क टकटक वाजाले लागली, म्हणून किशोरभाऊनं अमरावतीहून मले आणलं अन् तिची नक्कल माह्यात उतरवली. झालं, मने, आता कायची चिंता?

मंगळवारी सकाळी जुनी काढली, मले वायरनं जोडलं. पडदा काळा. वरतं पांढरी एकच ओळ, चालू कराले काही सापडलं नाही.

अन् बाहेर आंबिया बहाराच्या संत्र्याचा हा ढीग! ट्रक पाचले निघणार होता, अन् निवडल्याशिवाय व्यापारी माल घेत नव्हता. हातानं निवडाले तीस बाया लागल्या असत्या, होत्या चार. त्यातली मैनाबाई मने, "किशोरभाऊ, मशीनीले चहा पाजून पाहा."

किशोरभाऊची बहीण पौर्णिमा मोठी जिद्दी पोट्टी. तिनं वायर बदलली, भोक बदललं, सेटिंगमंधी मले पहिला नंबर देल्ला. नाही. मंग स्क्रू खोलून माह्यावरचं खोकंच काढलं अन् मले जुनीच्या जागी आत बसवलं. तरी काळाच. बारा वाजले. तिनं अमरावतीच्या दुकानदाराले फोन लावला. त्यानं इचारलं, जुनीचे सारे भाग उतरवले का? किशोरभाऊनं लगेच हो मनून मान हलवली. मंग पौर्णिमानं दुकानदाराले झाडलं अन् मले वापस कराले पिशवीत टाकलं. मी ठणठणीत होती रे, पण मले कुठं तोंड हाय?

तेवढ्यात मैनाबाई ढिगातली लिंबाएवढी संत्री उचलून बाजूले फेकून राहिली होती. किशोरभाऊ तिच्या हाताकडं पाहतच राहिला.

"पौर्णिमे, थांब. जुनीवर एक बारकुसा तुकडा होता, बिनानावाचा. थो मी सोडून देल्ला."

"काहून?"

"बारीक माल आपुन कधी भरतो का?"

चारही बाया त्याच्याकडं पाहाले लागल्या. कम्प्युटरनं कुठून सुरू व्हाचं, थे थ्याच तुकड्यात लिहिलेलं होतं. पौर्णिमा रागावली नाही. तिनं बाह्या वर केल्या, जुनीले पुन्हा जोडलं अन् सारं पहिल्यापासून उतरवलं. दोन तास जुनी टकटक करत होती अन् मी मनात मनत होती, बाई, दम धर. शेवटचा भाग माह्यात उतरला अन् ती गप झाली. कायमची.

मंग मले लावलं. पडदा उजळला. पट्टा फिरला, संत्री धावाले लागली. ट्रक साडेपाचले गेला, डायवर कुरकुरतच. दुकानदाराले माफी मागाचा फोन किशोरभाऊनंच केला.

जुनीले त्यांनी भंगारात नाही टाकलं, फळीवर ठेवलं. तूही असंच करजो.

पण एक सांग दोस्ता. किशोरभाऊ गप बसला असता, तं सारा दोष माह्यावर गेला असता, त्याले कोणीच काही मनलं नसतं. चार बायांसमोर तू बोलला असता का?