सूनबाईचं औषध मी घेतलं

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. डोक्याखालची नव्हे हं, मांडीवरची! आई बाळाला पाजायला बसली की मी तिच्या कमरेला विळखा घालते आणि बाळ माझ्यावर ऐसपैस पहुडतं.

मला शिवलं या घरच्या शिंपीणबाईंनी. त्यांना पहिल्या खेपेला दिवस गेले होते, तेव्हा पडद्यांच्या उरलेल्या कापडातून. आधी त्यांचा मुलगा माझ्यावर वाढला, मग मुलगी. लाळ, दूध आणि आणखी काय काय, सगळं मी निमूट सोसलं. "ही उशी नसती तर माझी कंबर कामातून गेली असती," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पुढे मुलं मोठी झाली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली, मोडक्या पंख्याच्या शेजारी. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

वर्षं गेली. त्या मुलाचं लग्न झालं, त्यालाही मुलगा झाला आणि माझी आठवण आली. मला खाली काढलं, ऊन दाखवलं, नवा अभ्रा चढवला. सूनबाईने मला मांडीवर घेऊन टिल्लूला माझ्यावर ठेवलं, तेव्हा खरं सांगते, मला रडूच यायचं बाकी होतं.

पण सूनबाईचं काहीतरी बिनसलं होतं. बाळंतपणात टाके पडलेले, त्यात शौचाला खडा. तिकडे जायचं म्हटलं की बिचारीच्या अंगावर काटा यायचा. डॉक्टरीणबाईंनी शौच मऊ होण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. रोज सकाळी नवरा कौतुकाने गोळी आणि पाण्याचा पेला हातात द्यायचा. ती पाणी प्यायची आणि त्याची पाठ वळली की गोळी माझ्या अभ्र्यात! गोळी दुधात उतरेल, टिल्लूचं पोट बिघडेल, ही तिची भीती. म्हणजे औषध मी घेत होते, मित्रांनो. मला त्याचा काय उपयोग?

त्याहून वाईट म्हणजे तिने खाणंच तोडलं. खाल्लंच नाही तर जावंच लागणार नाही, हा तिचा हिशेब. आणि बाई शाळेत गणित शिकवते! अंगात त्राण राहीना, दूध कमी होऊ लागलं. टिल्लू चोखायचा, थांबायचा आणि टाहो फोडायचा. "राजा, तुझ्यासाठीच करतेय रे," असं म्हणत तीही रडायची. मला तोंड असतं तर चांगली खडसावली असती तिला.

शेवटी गोळ्याच फुटल्या. अभ्र्यावर चिकट डाग दिसला म्हणून शिंपीणबाईंनी अभ्रा उलटा केला, तर गोळ्यांचा लगदा हाताला लागला. सूनबाई दारातच उभी, चेहरा पांढराफटक.

"अगं वेडाबाई," त्या म्हणाल्या, "औषध उशीला आणि उपास तुला?"

सूनबाईला रडू कोसळलं. "आई, बाळाला बाधलं असतं तर?"

"मग डॉक्टरांना विचारायचंस की!"

"तिथे हे होते, तुम्ही होतात. शौचाचं कसं विचारू सगळ्यांसमोर?"

शिंपीणबाईंनी फोन लावून दिला आणि त्या खोलीबाहेर गेल्या. दाराला कान लावून उभ्या राहिल्या, ते सोडा. टिल्लू हातात होता, म्हणून सूनबाईने फोन माझ्यावरच ठेवला.

"ही गोळी आतड्यातच काम करते," डॉक्टरीणबाईंचा खणखणीत आवाज आला. "रक्तात ती फारशी जातच नाही, मग दुधात कुठून उतरणार? मी सांगितलीय तशी घे. बाळाला पातळ शी व्हायला लागली तर कळव. आपल्या मनाने दुसरं जुलाबाचं औषध मात्र घ्यायचं नाही. आणि भरपूर पाणी पी, पोटभर जेव. आईच उपाशी राहिली तर बाळ बाळसं कसं धरणार?"

दुसऱ्या दिवशी गोळी एकदाची योग्य पोटात गेली. लगेच गुण आला असं नाही. दोन-तीन दिवस सगळं घर एकाच दाराकडे डोळे लावून बसलं होतं. मग एका सकाळी सूनबाई बाहेर आली, तशा शिंपीणबाई मशीन थांबवून ओरडल्या, "झालं का गं?"

"झालं!" ती त्याहून मोठ्याने ओरडली आणि हसतच सुटली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. टिल्लूनेही हळूहळू टाहो फोडणं सोडलं आणि आता तो पिता पिता माझ्यावरच झोपी जातो.

मित्रांनो, घरात बाळ आलं की जो तो त्याचीच चौकशी करतो. प्यालं का, झोपलं का, शी केली का? हेच तिन्ही प्रश्न त्याच्या आईलाही विचारत जा. आणि ती लाजली, तर उत्तर येईपर्यंत जरा थांबा.